नाव बागेचं, पण बाग अजून लांब

आई सिंगापूरला आली तेव्हा तिला ‘गार्डन्स बाय द बे’ बघायचं होतं. मी ऐटीत सांगितलं, त्याच नावाचं स्टेशन आहे, थेट तिथेच उतरू. थॉमसन-ईस्ट कोस्ट लाइनवरचं हे भुयारी मेट्रो स्टेशन नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालं.

चार डब्यांची गाडी, चालक नाही. आई पार पुढच्या काचेपर्यंत जाऊन आली. “अगं, मोटरमन कुठाय?” तिच्या पिशवीत दशम्या होत्या. गाडीत खाल्लं तर ५०० डॉलरपर्यंत दंड, म्हटल्यावर तिने पिशवीचे बंद दोनदा आवळले.

वर आलो आणि माझी ऐट उतरली. ते उंच सुपरट्री, म्हणजे बागेतले झाडाच्या आकाराचे मनोरे, गाठायला चांगलीच पायपीट. त्यांना बेफ्रंट स्टेशन जवळचं, हे मला आठवायला हवं होतं! इथून जवळ आहे ते मरीना बराज हे धरण. मग तिकडेच वळलो. धरणाच्या इमारतीच्या छतावर हिरवळ, आणि पोरं पतंग उडवत होती.

“संक्रांत नाही काही नाही,” म्हणत आईने तिथेच बसकण मारली आणि दशम्यांचा डबा उघडला.