रिकाम्या सेलचे दहा तास

हवेतला रेडॉन हा किरणोत्सारी वायू मोजायची माझी डबी म्हणजे सेल. आज दिवसभर मी रिकामा सेल मोजत होते. दहा तासांत 61 काउंट, म्हणजे तासाला साधारण सहा. नमुन्याच्या मोजणीतून वजा करायचा हा आकडा हातात आल्याशिवाय हवेचा नमुना भरायचाच नाही, हा माझा नियम आहे.

हेन्री लुकास यांनी 1957 मध्ये मांडलेल्या पद्धतीचा हा सेल. जेमतेम 150 मिलिलिटरची डबी. आतून झिंक सल्फाइडचा लेप, तळाला काच. रेडॉनमधून सुटलेला अल्फा कण लेपावर आदळला की क्षणभर उजेड पडतो आणि काचेखालचा फोटोमल्टिप्लायर, म्हणजे अंधुक उजेड ओळखणारी नळी, तो टिपतो. तो एक काउंट. नमुना भरल्यावर तीन तास थांबायचं, म्हणजे रेडॉनपासून बनणारे, अल्फा सोडणारे दोन पोलोनियम त्याच्या बरोबरीला येतात आणि एका रेडॉनमागे तीन अल्फा मिळतात.

आता हिशेब बघा. हवेत घनमीटरला 20 बेक्वेरेल (म्हणजे सेकंदाला 20 अणू फुटतील इतका) रेडॉन असेल, तर माझ्या सेलमध्ये तासाला जेमतेम 24 काउंट वाढतात. तासभरच मोजलं तर 24 अधिक-उणे 6. नमुना आणि रिकामा सेल दोन्ही दहा-दहा तास मोजले, की चूक दोनपर्यंत उतरते. तेवढ्या वेळात सात टक्के रेडॉन विरून जातो, ती दुरुस्ती वेगळी. घाई केली तर आकडा मिळतो, पण त्यावर विसंबता येत नाही.

सेल धुवायला नायट्रोजनही मी महिनाभर बंद ठेवलेल्या सिलिंडरमधलाच घेते. रेडॉन 3.8 दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे महिन्याने दोनशेवा भागही उरत नाही.

एक सेल मात्र मी स्वतः बिघडवला. मातीतून ओढलेली, भरपूर रेडॉन असलेली हवा त्यात भरली, मोजली आणि रिकामी न करता महिनाभर तशीच राहू दिली. सगळा रेडॉन आतच विरला आणि लेपावर शिसं-210 साचलं. पुढच्या काही महिन्यांत त्यातून अल्फा सोडणारं पोलोनियम-210 तयार होत गेलं आणि रिकाम्या सेलचा आकडा सहावरून चौदावर चढला. कितीही धुतला तरी उतरला नाही. शिसं-210 निम्मं व्हायला 22 वर्षं लागतात. त्या सेलवर लाल पट्टी चिकटवली आहे. तो आता फक्त मातीच्या हवेसाठी.

आजचा नमुना चार वाजता भरला. सात वाजता मोजणी सुरू केली.