कावळ्याचा काळा जमला एकदाचा!

जमला बाप्पा! विकायले कापडाचे कावळे बनवते ना मी, त्यांच्यासाठीच हवा होता हा काळा. काल दोरीवरचा मांजरपाट उन्हात तिरपा धरला तर काळ्यावर जांभळट-निळी झाक, डोमकावळ्याच्या पाठीवर असते तशी. मी तर अंगणातच ओरडली.

मागच्या वेळचे गंजलेले कावळे आठवतात ना? रेसिपी आपली नेहमीचीच, कापडाची खळ काढून हिरड्यात बुडवायचं, वाळवायचं, मग कसीम (भंगार लोखंड, गूळ अन पाणी, पंधरा-वीस दिवस आंबवलेलं). बुडवलं की काळंभोर, धुतलं की तपकिरी. हिरड्यावर संशय घेतला, गुळावर घेतला, जडीबुटीवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या. तसा त्याचा हिरडा चांगला आहे, फक्त आख्खा घ्या, तयार पावडरीत काय काय दळलेलं असते देव जाणे.

निघालं काय तर बोअरचं पाणी! आम्ही दर्यापूरकडचे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले, पाणी खारट अन वरून अल्कली. हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) लोखंडाला धरते तेव्हा काळा होतो, पण असल्या पाण्यात लोखंड सुटं होऊन गंज बनूनच कापडावर बसते. आंध्रातल्या श्रीकाळहस्तीचे कलमकारीवाले (कापडावर कलमानं चित्रं काढणारे) हाच कसीम वापरतात, पण ते कापड स्वर्णमुखी नदीत धुतात. आपल्याकडे कुठली नदी! मग पन्हाळीखाली ड्रम लावले अन पावसाच्या पाण्यात धुतलं, काळा तिथंच टिकला.

पण टिकला तो तव्यासारखा, मेलेला. बाजारातल्या रंगाच्या पुडीचाही तसाच येतो, मग एवढी मेहनत कशाला? कावळ्याच्या पिसात निळा रंग नसतोच मुळी, मेलॅनिन (काळं रंगद्रव्य) अन केराटिनच्या (आपली नखं ज्याची असतात ते) पातळ थरांवरून उजेड परततो त्याची ती झाक. कापडाला थर कुठून आणायचे, म्हणून आधी नीळ दिली (झाडाची, धुण्यातली नव्हे). नीळ, चुना, गूळ 1:2:3, गडद होईस्तोवर बुचकळायचं, चुना पुरता निघेस्तोवर धुवायचं (चुना राहिला की पुन्हा तपकिरी), मग हिरडा, मग पातळ कसीम. पातळच बरं का, लोखंड जास्त झालं की कापड कुजते. शेवटी तांदळाची खळ लावून कवडीनं घोटलं, अन घोटता घोटता ती झाक वर आली. हात दुखले, पण मजा आली.

घरकावळ्याची राखाडी मान तर फुकटात मिळाली, तोच कसीम भरपूर पाणी घालून एकच बुडी. इतकी हुबेहूब की मी तो तुकडा उशाशी घेऊन झोपली.

खरी पिसं लावायचं डोक्यातून काढलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात कावळा उपद्रवी म्हणून पाचव्या अनुसूचीत होता, 2022 च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली, म्हणजे ती मोकळीकही गेली. विकायच्या मालात ही भानगड नको.

हे कावळे विकायचं दुकान म्हणजे फाट्यावरची बंद टपरी, अजून स्वप्नातच आहे. आजी म्हणे, "कावया कोन इकत घेते वं? अन घेतला त ठेवते कुठी, देवघरात?" तिले काय सांगू, उद्घाटन पितृपक्षातच करावं म्हणते, तेव्हा तर सगळेच कावळ्याले शोधत फिरतात.

अन हे लिहिता लिहिताच सुचलं, ते तपकिरी झालेलं कापड फेकायचं कशाला? मादी कोकीळ तपकिरीच असते, अंगभर पांढरे ठिपके! पांढऱ्या दोऱ्यानं ठिपके भरले की झालं. वादळात आमच्या निंबावरून कावळ्याचं घरटं पडलं होतं, त्यात काड्यांपेक्षा सळया बांधायची तारच जास्त. तशाच तारेचं घरटं विणायचं, आत कावळीण, काठावर अंडं घालायले टपलेली कोकीळ, असा सेट.

आता अडलं चोचीवर. करवंटी घासत बसले तर दिवाळी येईल, अन बाभळीचा काटा घरकावळ्याला चालला तरी डोमकावळ्याच्या जाड चोचीला पुरत नाही. बैलाच्या तुटक्या शिंगाचं काम कोणी केलं असेल तर सांगा, घासताना वास किती येते तेही सांगा, घरचे आधीच कसीमच्या वासानं वैतागलेत.