घडीचा भोंगा आणि हलगीची धार

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात भोंग्यावरून कुस्तीचे निवेदन ऐकताना शब्द कळतात, पण ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक पुसला जातो आणि हलगीचा कडकडाट बोथट होऊन येतो. आपण सगळा दोष युनिटवर, म्हणजे भोंग्यामागे आवाज निर्माण करणाऱ्या भागावर, ढकलून मोकळे होतो. युनिट जबाबदार असतेच. परंतु बरेचदा आवाजाची वाट भोंग्याच्या पोटात जिथे उलटी वळते, तिथेही उंच पट्टीतले सूर गळतात.

भोंग्याच्या, म्हणजे कर्ण्याच्या, लांब वाटेला अशी घडी घालावी लागते ती मुळात बेससाठी. 60 हर्ट्झच्या तरंगाची लांबी जवळपास पावणेसहा मीटर असते, त्यामुळे तो पेलणारा सरळ कर्णा कोणत्याही मांडवात मावणार नाही. अमेरिकन ध्वनी अभियंते पॉल क्लिप्श यांनी 1940 च्या दशकात असा घडीचा कर्णा खोलीच्या कोपऱ्यात बसवून भिंतींनाच त्याचे तोंड बनवले. मात्र त्यांनीही घडीतून साधारण 400 हर्ट्झपर्यंतचाच आवाज नेला आणि वरचे सूर वेगळ्या, सरळ कर्ण्यांकडे सोपवले. मला हे शहाणपणाचे वाटते.

हिशेब सोपा आहे. वाट पूर्ण उलटी वळते तेव्हा बाहेरच्या कडेचा आवाज आतल्या कडेपेक्षा वाटेच्या रुंदीच्या सुमारे 3.14 पट जास्त अंतर कापतो. रुंदी 10 सेंटिमीटर असेल तर हा फरक 31 सेंटिमीटर होतो, आणि 550 हर्ट्झच्या आसपास तो बरोबर अर्ध्या तरंगाएवढा भरून दोन्ही कडांचे आवाज एकमेकांना मारू लागतात. प्रत्यक्षात आवाजातला हा खड्डा इतका रेखीव नसतो, पण अंदाज बांधायला एवढे पुरते. म्हणून वळण घ्यायचे ते घशाजवळ, म्हणजे युनिटला लागून असलेल्या टोकाशी, वाट अरुंद असतानाच. 1 सेंटिमीटरच्या वाटेत हीच अडचण साडेपाच हजार हर्ट्झपर्यंत वर सरकते.

पुढे वाट फुगत जाते, तिथे आकार बदलावा. 10 बाय 10 ऐवजी 4 बाय 25 सेंटिमीटरची वाट केली आणि वळण 4 च्या बाजूने घेतले, तर क्षेत्रफळ तेवढेच राहून मर्यादा 1,370 हर्ट्झच्या आसपास जाते. काटकोनी कोपऱ्यात 45 अंशांची फळी बसवावी, म्हणजे आवाज कोपऱ्यातून मागे न फिरता पुढे जातो. पेटी बंद झाल्यावर ही फळी कुणाला दिसत नाही, त्यामुळे सुतार ती गाळायला बघतो. चिकटवण्याआधी समोर उभे राहून ती बसवून घ्यावी आणि फटी भुसा व फेविकॉलने बुजवून घ्याव्यात.

एवढे करूनही हलगीची खरी धार हवी असेल, तर वर सरळ कर्णा लावण्याला पर्याय नाही. मग घडीतून 2 मीटर फिरून येणारा बेस सुमारे 6 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. एवढ्या अंतराने दोन वेगळे आवाज ऐकू येत नाहीत, पण जिथे दोन्ही कर्णे एकच सूर वाजवतात तिथे थाप फिसकटते. तेव्हा वरच्या कर्ण्याला प्रोसेसरमधून, म्हणजे आवाज जुळवणाऱ्या यंत्रातून, तेवढाच उशीर द्यावा आणि मग घुमक्यासह हलगी वाजवून कानाने शेवटचे जुळवून घ्यावे.