तुम्ही विचारलंत म्हणून : स्कॉटलंडमध्ये कुणी 'हेन' म्हणालं तर

ग्लासगोला शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मुली पहिल्या काही आठवड्यांत हमखास विचारतात, "बसड्रायव्हर मला 'हेन' म्हणाला. हेन म्हणजे कोंबडी ना? हे चिडवणं समजायचं की लगट?" मुलांचा प्रश्न वेगळा असतो. "दुकानदार सारखा 'पॅल' म्हणतो. आमची ना ओळख ना पाळख, मग दोस्त कसला?"

आधी 'हेन'चं सांगते. ते चिडवणं नाही आणि लगटही नाही. मंडईतली मावशी "घे गं बाळा, ताजी आहे" म्हणते, तेवढाच त्यात अर्थ असतो. ग्लासगो आणि आसपासच्या पट्ट्यात हा शब्द जास्त ऐकू येतो, डंडीतही येतो. म्हणणारी माणसं बहुधा पन्नाशीच्या पुढची, आणि त्यांत बायकाही तेवढ्याच. सहा वर्षांची पोर असो की ऐंशीची आजी, दोघी 'हेन'च. उत्तरादाखल "चिअर्स" किंवा "थँक्स" म्हटलं की झालं. मात्र उलट कुणाला 'हेन' म्हणू नका, तरुण मुलांनी तर मुळीच नाही. हा शब्द वयाबरोबर आणि तिथल्या उच्चाराबरोबर शोभतो. परक्या तोंडून आला की नक्कल वाटते, नाहीतर समोरच्या बाईला कमी लेखल्यासारखं होतं. ऑफिसात तर तो नकोच. तिथल्याही अनेक तरुणींना कामाच्या जागी 'हेन' किंवा 'डॉल' ऐकून घ्यायला आवडत नाही, आणि त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं.

'पॅल'मध्ये सगळी गंमत सुरांची. वाक्याच्या शेवटी सहज आला, "चिअर्स, पॅल", की आभार. वाक्य थांबवून, जोर देऊन आला, "लिसन, पॅल", की समोरचा तापलाय असं समजायचं आणि दोन पावलं मागे घ्यायची. पुरुषापुरुषांत "चिअर्स, पॅल" असं परत म्हटलेलं चालतं. 'सन' हे वडीलधाऱ्याने तरुणाला म्हणायचं. 'बिग मॅन' उंची न बघता कुणालाही चालतं, पण मोठ्या माणसाला 'वी मॅन', म्हणजे छोटा माणूस, म्हणणं त्याला झोंबू शकतं.

संबोधनापेक्षा जास्त घोटाळा साध्या वाक्यांत होतो. दुकानाच्या काउंटरवर तुम्ही दूध, पाव, अंडी ठेवलीत. कॅशियर मान वर करून विचारते, "इज दॅट यू, हेन?" नवखी मुलगी गोंधळते, मीच ना, आणखी कोण? प्रश्न असतो, "झालं का सगळं?" उत्तर द्यायचं, "आय, दॅट्स मी." हा 'आय' म्हणजे 'हो'. पुढे ती विचारेल, "वी बॅग हवी का?" आणि पैसे देताना म्हणेल, "तुमचं वी कार्ड इथे लावा." पिशवी लहान नसते, कार्डही नेहमीच्याच मापाचं असतं. 'वी'चा अर्थ लहान, पण बोलताना त्याचं काम आपल्या 'जरा'चं. विनंतीची धार तो बोथट करतो. फक्त साहेबाने "अ वी वर्ड" म्हणून आत बोलावलं, तर तो शब्द लहान असेलच असं नाही.

असे आणखी काही सापळे आहेत. 'मेसेजेस' आणायला जाणं म्हणजे वाणसामान आणायला जाणं. 'पीस' म्हणजे सँडविच. 'ग्रीट' म्हणजे रडणं, तेव्हा मूल 'ग्रीटिन' आहे असा पाळणाघरातून निरोप आला तर नमस्कार-चमत्कार समजू नका. ग्लासगोत 'हाउ?' म्हणजे बऱ्याचदा 'का?'. "हाउ नो?" म्हणजे "का नाही?", तिथे कृती समजावून सांगू नये, कारण सांगावं. 'बॅक ऑफ फाइव्ह'ला भेटू म्हटलं की पाच वाजून गेल्यावर, साधारण सव्वापाचपर्यंत. पाचच्या आधी नाही. "व्हेअर डू यू स्टे?" मात्र आपल्याला लगेच कळतं, कारण घर कुठे हे विचारायला आपणही इंग्रजीत 'स्टे'च वापरतो.

नकाराकडे खास कान द्या. 'कॅने', 'डिडने', 'वुडने' यांतलं शेपटीचं 'ने' म्हणजे नाही. बोलणारा ते इतकं हलकं उच्चारतो की ऐकणाऱ्याला होकार वाटतो. घरमालक "आय कॅने कम द मॉर्न" म्हणाला, तर उद्या तो येणार नाहीये. 'द मॉर्न' म्हणजे उद्या. मराठीतही नकार बहुधा क्रियापदानंतरच येतो, त्यामुळे आपल्या कानाला ही सवय लवकर लागते.

गाव बदललं की शब्द बदलतात. लहान मुलाला ग्लासगोत 'वेन' म्हणतात, पूर्वेकडे 'बेर्न'. 'केन', म्हणजे माहीत असणं, एडिनबरा आणि फाइफमध्ये प्रत्येक वाक्याला ऐकाल, ग्लासगोत क्वचितच. ॲबर्डीनच्या बाजूला मुलगी 'क्वाइन' आणि मुलगा 'लून', यात शिवी नाही, नुसतं मुलगी आणि मुलगा. तिथे प्रश्नार्थक शब्दांतला 'व' जाऊन 'फ' येतो, म्हणून "फिट लाइक?" म्हणजे "कसं काय?" उत्तर "ने बॅड". ते 'ने बॅड' किंवा ग्लासगोचं 'नो बॅड' म्हणजे 'ठीकठाक' नव्हे, चांगलीच पावती आहे. शेटलंड बेटांवर तर जवळच्या माणसाला 'डू' आणि इतरांना 'यू' म्हणतात, आपल्या तू आणि तुम्हीसारखं.

एडिनबरा आणि दक्षिणेच्या बॉर्डर्स भागात कुणाची सायकल गेली तर ती 'चोर्ड' झाली म्हणतात. हो, आपलाच चोर. रोमानी भाषा मराठीच्याच कुळातली. ती बोलणारे लोक भारतातून निघून शेकडो वर्षांत तिथवर पोचले आणि हा शब्द तिथे रुजला. 'बॅरी', म्हणजे झकास, हाही रोमानीतूनच आला.

तिथल्या इस्पितळांत काम करणाऱ्या मराठी डॉक्टर-नर्सनी या शब्दांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं, कारण इथे चूक महागात पडते. 'ऑक्स्टर' म्हणजे काख. 'सेर हीड' म्हणजे डोकेदुखी. 'गाउपिन' म्हणजे ठणकणं. 'बोक' म्हणजे ओकारी, आणि 'ड्राय बोक' म्हणजे कोरडे उमासे. 'स्किटर्स' म्हणजे जुलाब, 'हर्पल' म्हणजे लंगडत चालणं, 'वॅबिट' म्हणजे गळून गेलेला. इंजेक्शन किंवा लस 'जॅग', प्लॅस्टर 'स्टुकी'. 'पीली-वाली' म्हणजे चेहरा पांढराफटक पडलेला. हिंदी येणाऱ्याला तो एकदा ऐकून लक्षात राहतो. शब्द कळला तरी प्रमाण कळेलच असं नाही. जुन्या पिढीतले लोक दुखणं कमी करून सांगतात. "अ वी बिट सेर" म्हणणारा आजोबा कळवळत असू शकतो, म्हणून दहापैकी किती दुखतंय हे नेहमी विचारून घ्या.

हे सगळं बिघडलेलं इंग्रजी आहे असं मानून बरेच जण आपल्या मुलांना त्यापासून लांब ठेवतात. तसं करू नका. स्कॉट्स भाषा जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडच्या शाखेतून वाढली आणि एके काळी राजदरबाराची, कायद्याची भाषा होती. 2011च्या जनगणनेत तिच्याबद्दल पहिल्यांदा विचारलं, तेव्हा 15 लाखांहून जास्त लोकांनी आपण ती बोलतो असं सांगितलं. 2025मध्ये स्कॉटिश संसदेच्या कायद्याने तिला गेलिक या तिथल्या दुसऱ्या जुन्या भाषेबरोबर अधिकृत दर्जा मिळाला. एवढं होईपर्यंत शाळेत ती बोलल्याबद्दल कित्येक पिढ्यांनी मार खाल्ला. मूल घरी येऊन "आय" म्हणालं तर म्हणू द्या, ते शेजाऱ्यांची भाषा शिकतंय. नवा शब्द अडला तर 'डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज' इंटरनेटवर फुकट बघता येते. लिहिण्याची पद्धत एकसारखी नसल्यामुळे एका स्पेलिंगने सापडलं नाही तर दुसऱ्याने शोधा.

ग्लासगोकडे राहणाऱ्या आईबापांना एक सांगायचं राहिलं. तिकडे 'पापा' म्हणजे आजोबा. तुमची मुलगी पाळणाघरात "पापा न्यायला येणार" म्हणाली, तर तिथल्या बाई पिकलेल्या केसांच्या माणसाची वाट बघत बसतील. मुलाचं नाव घालतानाच सांगून ठेवा, आमच्याकडे पप्पा म्हणजे वडील, आणि न्यायला येणाऱ्यांच्या यादीत प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहून द्या.