तुम्ही विचारलंत म्हणून: विश्वास आहे तर घाबरतेस कशाला?

चर्चमध्ये उपासना संपली की कोणीतरी विचारतंच. एवढी प्रार्थना करतेस, मग दरवर्षी तपासण्या कशाला, इन्शुरन्स कशाला, मुलीला यायला उशीर झाला की दारात कशाला उभी राहतेस? वर बायबलमधलं फिलिप्पै 4:6 ऐकवतात, कशाचीही चिंता करू नका म्हणून. पाठ आहे हो मला.

आईच्या छातीत गाठ लागली तेव्हा मॅमोग्राफीचा रिपोर्ट मीच आणला आणि पाकीट न उघडता बायबलमध्ये ठेवलं, स्तोत्र 91 च्या पानात. 19 दिवस. देवाच्या स्वाधीन केलंय म्हणायचे. आईने दोनदा विचारलं, आला का गं रिपोर्ट, मी म्हटलं येईल, आपण प्रार्थना करतोय ना, मग तिने विचारणं सोडलं. बायबलमधल्या गिदोनासारखी देवाकडे चिन्हंही मागत होते, आज ऊन पडलं तर उघडीन, उद्या अमक्याचा फोन आला तर. गिदोनाने लोकर ठेवून निदान दोनदाच मागितलं, एकदा ती दवाने ओली, एकदा कोरडी, आणि मग गेला तरी लढायला.

शेवटी एका सकाळी आईनेच वाचायला ते बायबल घेतलं. पाकिटावर स्वतःचं नाव बघून एवढंच म्हणाली, चष्मा दे माझा.

पुढे बायॉप्सी झाली, गाठ साधी निघाली. मी रविवारी उभं राहून साक्ष दिली की मला भीती शिवलीसुद्धा नाही! सगळे आमेन म्हणाले. आई नाही म्हणाली. घरी आल्यावर म्हणाली, त्या दिवसांत तू माझ्या तोंडाकडे बघत नव्हतीस.

म्हणजे तेव्हा सगळं ढोंगच होतं का? नाही, रात्री गुडघ्यावर रडायचे ते खरं होतं. पण पाकीट न उघडणं ही भीतीच होती, तिला मी विश्वास म्हणत होते, आणि गाठ वाईट निघाली असती तर ते 19 दिवस कुठून आणले असते?

येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालताना बुडायला लागला तेव्हा येशूने आधी हात धरला, अल्पविश्वासी नंतर म्हटलं. मी याला धरून असते. पण अल्पविश्वासी म्हटलं तर होतंच, हेही आहे.

आता रिपोर्ट लॅबच्या पायरीवरच फाडते. हा विश्वास की नुसती घाई, मला सांगता येत नाही. आई शेजारी उभी असते, म्हणते हळू, आतला कागद फाटेल.