मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि बीपीपायी अडलेला फिटनेसचा कागद

मोतीबिंदूचं ऑपरेशन अर्ध्या तासाच्या आत उरकतं. भूल डोळ्यापुरतीच, आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी माणूस घरी येतं. आमच्या आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्या अर्ध्या तासासाठी पावसाळ्यापासून थंडीपर्यंत ताटकळावं लागलं. अडलं होतं ते बीपीच्या आकड्यावर, डोळ्याचं सगळं केव्हाच झालं होतं. अजून आठवलं तरी माझं डोकं तापतं, म्हणून लिहून काढते आहे. घरात साठीच्या पुढचं माणूस असेल आणि कुठल्याही ऑपरेशनचं घाटत असेल तर यातलं थोडं तरी तुमच्या कामी येईल.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. जूनमध्ये पेरणीआधी आत्या वाघ्या घेवड्याचं बियाणं सुपात घेऊन निवडायला बसल्या. दाण्यावरच्या तांबूस रेघांवरून चांगलं-वाईट ओळखायचं हा त्यांचा जन्माचा सराव. त्या दिवशी त्यांना खडा आणि दाणा सारखाच दिसायला लागला. डोळे तपासले, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ‘पिकू द्या, मग काढू’ असं आमच्याकडे सगळे सांगत होते. ते जुन्या काळचं. आता रोजचं काम अडायला लागलं की काढून टाकतात, फार पिकू दिला तर उलट ऑपरेशन अवघड होतं. थेंब घालून मोतीबिंदू विरघळत नाही, हेही डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. लेन्स कुठली बसवायची ते ठरलं. राहिला फक्त फिजिशियनचा फिटनेसचा कागद, म्हणजे तब्येत ऑपरेशनला चालेल अशी लेखी सही.

साखर ठीक, ईसीजी ठीक. बीपी १८८/१०२.

वरचा आकडा १८० च्या पुढे असताना डोळ्याला हात लावत नाहीत. बीपी फार वाढलेला असेल तर ऑपरेशन चालू असताना डोळ्याच्या आत रक्तस्राव होऊ शकतो आणि मग ती नजर वाचवणं कठीण जातं. म्हणजे थांबवलं ते आत्यांच्या भल्यासाठीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती तो आकडा काढला जायचा त्या पद्धतीबद्दल.

साताऱ्यातल्या त्या दवाखान्यात बीपीचं टेबल ओपीडीच्या दारातच होतं. रांग भिंतीला धरून जिन्यापर्यंत. नंबर आला की स्टुलावर बसायचं. स्टुलाला पाठ नाही, हात टेकायला जागा नाही. आत्या जिना चढून आलेल्या, रांगेत उभं राहून पाय भरून आलेले. बसल्या बसल्या सिस्टर पट्टा गुंडाळायच्या, तोही स्वेटरच्या बाहीवरून. पट्ट्याचं वेल्क्रो झिजलेलं, हवा भरली की ते करकर करत सुटायला लागायचं, मग सिस्टर एका हाताने तो दाबून धरायच्या आणि दुसऱ्या हाताने केसपेपर ओढून विचारायच्या, “आजी, नाव काय? वय किती? गोळी चालू आहे का?” आत्या उत्तरं देतायत, हात हवेत लोंबकळतोय, पट्टा फुगतोय. आकडा लिहिला, पुढचा पेशंट. मिनिटभरात सगळं संपलेलं.

दर वेळी आकडा १८० च्या वर. दर वेळी कागदावर ‘बीपी कंट्रोल करून या’. आणि दर वेळी गोळी वाढवून दिलेली.

मी एकदा विचारलं, “सिस्टर, जरा बसवून मोजता का? आत्ताच जिना चढून आल्यात.” त्या म्हणाल्या, “ताई, मागं रांग बघा.” रांग खरंच मोठी होती आणि सिस्टर एकट्या होत्या, हे मला दिसत होतं. पण त्या एका मिनिटापायी आमचा अख्खा दिवस, एसटीचं भाडं, शेतातली एक बाई कमी आणि आत्यांची अंधुक नजर, हे सगळं पुन्हा पुढच्या तारखेवर जात होतं. पोवई नाक्यावर उतरल्यापासून आत्या माझा हात सोडायच्या नाहीत, कारण रस्त्याची कड त्यांना दिसायची नाही.

यातून घरी जे झालं त्याने मी खरी घाबरले. गोळीचा डोस वाढला तशा आत्या सकाळी उठताना भिंत धरायला लागल्या. “डोळ्यापुढं अंधारी येतीया गं,” म्हणायच्या. एकदा मोरीच्या उंबऱ्यात तोल गेला, मी जवळ होते म्हणून सावरल्या. त्या वयात पडून खुब्याचं हाड मोडलं म्हणजे काय होतं हे आमच्या शेजारच्या घरात आम्ही बघितलंय. दवाखान्यात बीपी डोंगराएवढा आणि घरी अंधारी, हे कसं, असं कुणी विचारतच नव्हतं.

उत्तर मिळालं ते गावातच. आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचा बीपी-शुगरचा फॉर्म भरायला घरोघर फिरतात, त्यांनी आत्यांचे कागद बघितले आणि म्हणाल्या, एकदा उपकेंद्रात सीएचओ मॅडमना, म्हणजे तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना दाखवा. उच्च रक्तदाबासाठीचा जो सरकारी कार्यक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात आपला सातारा जिल्हाही होता. बीपी मोजायचा कसा, गोळ्या महिन्याच्या महिन्याला द्यायच्या कशा, याचं प्रशिक्षण त्यात झालं. मला हे काही माहीत नव्हतं. गावात हे असताना आम्ही एसटीने सातारा गाठत होतो.

मॅडमनी आधी आत्यांना लघवीला जाऊन यायला सांगितलं. मला आश्चर्य वाटलं. नंतर खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, मांडी किंवा पायावर पाय नाही, असं पाच मिनिटं गप्प बसवलं. बाही वर केली, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला. मोजताना कुणी बोलायचं नाही. दोन्ही हातांवर मोजला, जास्त आला तो हात कायमचा धरायचा म्हणाल्या. मिनिटभर थांबून पुन्हा. १४६/८४.

मी आकडा दोनदा वाचला.

मॅडमनी एकेक समजावलं. लघवी दाबून धरली की बीपी वाढतो. बोलत असताना मोजला तर दहा आकडे सहज वर जातो. हात लोंबकळत ठेवला, पाठ टेकलेली नसली, दंडाच्या मानाने पट्टा लहान असला, तरी आकडा खोटा मोठा येतो. आत्या स्टँडवरची आणि दवाखान्यातली मोरी टाळायच्या, म्हणजे सकाळी घरातून निघाल्यापासून दुपारपर्यंत लघवी धरून ठेवायच्या. मी त्यांच्यासोबत होते आणि हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, कारण बायका सगळ्याच तसं करतात. आता विचारते तर आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई हेच सांगते.

आणि दुसरी गोष्ट तर मला आधी कुणीतरी विचारायला हवी होती. मॅडमनी विचारलं, “आजी, सातारला जायच्या दिवशी गोळी घेता का?” आत्या म्हणाल्या, “उपाशी या म्हणत्यात, मग गोळी कशी घ्यायची?” उपाशीपोटी साखर तपासायची म्हणून त्या बीपीची गोळीसुद्धा सोडत होत्या. म्हणजे मोजायच्या दिवशी गोळी नाही, आणि त्या आकड्यावरून बाकीच्या दिवसांची गोळी वाढलेली! अंधारी का येत होती ते त्या खोलीत बसल्या बसल्या उलगडलं. रक्त तपासायला उपाशी जाताना बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतली तरी बहुधा चालते, साखरेची गोळी मात्र उपाशीपोटी घेऊ नये, असं मॅडम म्हणाल्या. तुम्ही आपल्या डॉक्टरांना हे स्पष्ट विचारून घ्या. ते आपणहून सांगतील या भरवशावर राहू नका.

मग वही सुरू झाली. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घेतलं. मनगटाचं स्वस्त मिळतं पण त्याचा भरवसा कमी. सात दिवस, सकाळी गोळीच्या आधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट. पहिला दिवस धरायचा नाही, बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी मोजताना १३५/८५ च्या वर सरासरी गेली तर बीपी जास्त समजतात, दवाखान्यात ती रेघ १४०/९० ची असते. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही आणि मिश्रीही नाही. मिश्रीवरून आमच्याकडे मोठा वाद झाला. तंबाखूने तेवढ्यापुरता बीपी चढतो हे आत्यांना मान्यच नव्हतं. शेवटी माझ्या मुलाने मिश्रीच्या आधी आणि नंतर मोजून दाखवला, तेव्हा आत्या काही बोलल्या नाहीत. मिश्री पूर्ण सुटलेली नाही, पण सकाळची सुटली.

तसंच गुडघ्याच्या गोळीचं. मेडिकलमधून आणून ज्या वेदनाशामक गोळ्या आपण शेंगदाण्यासारख्या खातो, त्यातल्या बऱ्याच बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात. हे वहीत एका कोपऱ्यात लिहून ठेवलं आणि साताऱ्याच्या डॉक्टरांना सांगितलं. बीपी मोजणाऱ्याला बाकी कुठली औषधं चालू आहेत ते सगळं सांगा, आयुर्वेदिकसुद्धा.

वहीतली सरासरी १४२/८२ आली. म्हणजे बीपी होता, थोडा जास्तच होता, पण ऑपरेशन अडावं असा नव्हता.

एवढं असूनही साताऱ्याच्या दवाखान्यात बीपीच्या टेबलावर पुन्हा तेच. वही पुढे केली तर उत्तर आलं, “घरच्या मशीनचं इथं चालत नाही.” त्या दिवशी मात्र मी बाजूला झाले नाही. आवाज चढवला नाही, पण हललेही नाही. म्हटलं, आमचं मशीन पिशवीत आहे, तुमच्या मशीनशेजारी ठेवून ताडून बघा. आत्यांची लघवी झाली आहे, गोळी घेतली आहे, आम्ही बाकावर पाच मिनिटं बसतो, मग मोजा, आणि नाही आला तर परत जातो. मागच्या रांगेतले एक काका म्हणाले, “बसू द्या की आजींना, आम्ही थांबतो.” त्या काकांचे आभार मानायचे राहून गेले.

डॉक्टरांनी आत बोलावलं. वही शेवटपर्यंत वाचली, मध्ये एकदा मागे जाऊन तारखा बघितल्या. स्वतःच्या खोलीत आत्यांना खुर्चीत बसवून स्वतः मोजला. १५२/८६. आमच्या मशीनने १४९ दाखवला. ते म्हणाले, काही जणांचा बीपी दवाखान्यात आल्यावर वाढतो, तुमच्याकडे त्यात बाकी कारणंही मिळाली. वाढवलेली गोळी परत कमी केली, काही दिवसांनी पुन्हा वही दाखवायला सांगितलं आणि फिटनेसवर सही केली. मला इतकं हलकं वाटलं की कागद घेऊन मी जिन्यातच बसले. आत्या म्हणाल्या, “चल की, एसटी जाईल.”

ऑपरेशन झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ते सरळ झालं. ऑपरेशनच्या सकाळी बीपीची गोळी घ्यायची का, हे आदल्या दिवशी विचारून कागदावर लिहून घेतलं होतं. थेंब वेळच्या वेळी घालायचे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डोळा चोळायचा नाही, तेवढं पाळलं.

मिठाचं राहिलं. दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, तोही सगळ्या जेवणात मिळून. आमच्याकडे खर्डा, लोणचं, पापड आणि वरून ताटात मीठ. ताटातलं मीठ मी बंद केलं, खर्ड्यात मीठ निम्मं केलं. आमच्या ह्यांनी कुरकुर केली, पण बीपीचं वय त्यांचंही आलंय.

‘माझं डोकं दुखत नाही, मग बीपी कुठला?’ हे आत्यांचं नेहमीचं. बीपी वर्षानुवर्षं काहीच न दुखता असतो, म्हणून मोजल्याशिवाय कळत नाही आणि आकडा चांगला आला म्हणून गोळी आपल्या मनाने सोडायची नसते. तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो. आकडा १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ जड होणं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यातलं काही असेल, तर वही-बिही सोडून लगेच १०८ ला फोन करा.

आता डाव्या डोळ्याची वेळ आली आहे. आत्यांची महिन्याची गोळी उपकेंद्रातूनच मिळते, तिथेच मोजतात, आकडा कार्डावर लिहितात. या वेळी फिटनेसला जाताना ते कार्ड, वही, मशीन आणि चालू औषधांची चिठ्ठी एकाच पिशवीत घालणार आहे. आणि आत जाण्याआधी खालच्या मजल्यावरची बायकांची मोरी उघडी आहे का, ते आधी बघणार आहे. मागच्या वेळी तिची चावी वॉचमनकडे होती.