गणित राहिलं

२७ मे २०२४, दुपारी एक. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा हात कणकेत होते, म्हणून मोबाईल लेकीकडे. ह्यांनी अर्धा किलो पेढे सकाळीच आणून ठेवले होते. लेकीने बैठक क्रमांक टाकला. खाली आईचं नाव मागतात, तिथे माझ्या आईचं नाव टाकलं. तिला जाऊन सहा वर्षं झाली. पान उघडलं आणि पोरगी काही बोलेचना.

"आई, गणित राहिलं."

बाकीचे पाच विषय सुटले होते. मराठीत तर ७१. गणितात शंभरपैकी २२.

मी एकेचाळीस वर्षांची. नववीनंतर शाळा सुटली आणि लग्न झालं. सांगलीत रोजचे तीस-बत्तीस डबे करते. १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून, परीक्षेला बसले होते. माझी चूक एवढीच की ही गोष्ट गल्लीभर सांगितली होती. संध्याकाळी डबा न्यायला येणारा प्रत्येकजण "काय, पेढे कुठायत?" म्हणून विचारणार, हे डोळ्यांसमोर आलं आणि मी आतल्या खोलीत जाऊन बसले. ह्यांनी पेढ्यांचा खोका तिथेच आणला. म्हणाले, "पाच सुटलेत ना? मग पाचांचे खा." मी एकही खाल्ला नाही. रात्री साडेअकराला मात्र फ्रीज उघडून दोन खाल्ले, ते खरं.

पंधरा दिवस पुस्तकाला हात लावला नाही. "या वयात कशाला," हे आता लोकांऐवजी मीच म्हणायला लागले होते. राग याचा येत होता की हिशेब तर माझा रोजचा! बत्तीस गिऱ्हाइकांचे खाडे, जादा पोळ्या, उधारी, सगळं तोंडपाठ. आणि तरी २२?

लेकीने मला न विचारता उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी ऑनलाइन अर्ज केला. विषयाला ४०० रुपये. मी चिडले, तेवढ्यात दोन दिवसांची भाजी येते. पण प्रत आली आणि आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहून बघायला लागलो. माझंच अक्षर, त्यावर परक्या माणसाची लाल पेन्सिल. भूमितीची पानं जवळजवळ कोरी, चाळीसपैकी ३. ते मला माहीतच होतं. बीजगणितात ८ होते, आणि गंमत तिथे होती.

अर्थनियोजनाच्या धड्यातलं गणित. करपात्र किंमत ४,००० रुपये, जीएसटी १८ टक्के, एकूण किती द्यावे लागतील? मी फक्त लिहिलं होतं: ४,७२०. उत्तर बरोबर, तीनपैकी गुण एक.

"हे ४,७२० कुठून आणलंस?"

"डोक्यातून."

"डोक्याला मार्क नसतात गं आई."

केंद्राचा कर ९ टक्के म्हणजे ३६०, राज्याचा ९ टक्के म्हणजे ३६०, मग बेरीज, असं ओळीखाली ओळ लिहायचं असतं. मी बाजारात भाव करावा तसा पेपर सोडवला होता. अशी आणखी चार गणितं निघाली. सूत्र लिहिलेलं नाही, 'समजा' लिहिलेलं नाही, थेट उत्तर. एका ठिकाणी तर पायऱ्या बाकावर बोटाने केल्याचं मला आठवलं! पुनर्मूल्यांकनाचा विचार तिथेच सोडला. तपासणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं.

बाहेरून बसणाऱ्यांना एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. तिथल्या गणिताच्या बाईंना मी ती प्रत दाखवली. त्यांनी धड्यांच्या यादीवर सरळ काट मारली. त्रिकोणमिती सोडा, महत्त्वमापन सोडा. बीजगणितात रेषीय समीकरणं, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन आणि सांख्यिकी पक्कं करा. भूमितीत रचना करा आणि पायथागोरस करा. मला हे फार आवडलं. आधीच्या खेपेला मी सगळं थोडं थोडं वाचलं होतं आणि कशातच धड नव्हते.

पुरवणी परीक्षा जुलैत. फॉर्म फक्त राहिलेल्या विषयाचा भरायचा, बाकीचे सुटलेले तसेच राहतात. दुपारचे डबे गेले की दोन ते चार मी आणि वही. रोज दहा गणितं, मोजून, आणि एकही पायरी गाळायची नाही. सुरुवातीला फार कंटाळा यायचा. जे दिसतंय ते काय लिहायचं? अंकगणिती श्रेढीत a आणि d च्या किमती काढून ठेवायच्या, सूत्र लिहायचं, मग किमती घालायच्या. लेक शेजारी बसून, एखादी ओळ गाळली की पेन्सिलने वहीवर टक् करायची. माझ्याच पोरीचा धाक वाटायला लागला होता. कंपासचं टोक मात्र शेवटपर्यंत घसरायचं. वहीखाली जुनं कॅलेंडर ठेवलं तेव्हा कुठे ते नीट रुतायला लागलं.

१७ जुलैला आषाढी. त्या दिवशी उपवासाचे डबे, खिचडी आणि वरी, दुपार सगळी बुडाली. गणिताचे पेपर त्यानंतर. गेटवर शिपाईमामा म्हणाले, पालकांनी बाहेर थांबा. मी हॉलतिकीट दाखवलं. बीजगणिताच्या पेपरात वेळ पुरला नाही, कारण या खेपेला लिहीत होते. पुरवणीही मागितली. पुरवणी परीक्षेत पुरवणी! माझ्याशिवाय कुणी हसलं नाही. भूमितीत एक रचना बरोबर आली, एक बिघडली. मग खोडत न बसता पुढचं घेतलं.

ऑगस्टमध्ये निकाल. बीजगणित २१, भूमिती १२, अंतर्गत गुण आधीचेच ११. चव्वेचाळीस. या वेळी पेढे आधी आणू दिले नव्हते, त्यामुळे ह्यांना भर पावसात जावं लागलं.

डब्याचं बिलही हल्ली मी ओळीखाली ओळ लिहून देते. एवढे दिवस, वजा खाडे, गुणिले दर. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "मावशी, एवढं कशाला?" दुसऱ्याने त्यात माझीच चूक काढली, साठ रुपये परत द्यावे लागले.

पुढे बारावी करायची आहे. संपर्क केंद्रात चौकशीला गेले तेव्हा बाईंनी विचारलं, कोणती शाखा? म्हटलं, कला. गणित नसलेली.